उपकाराची भाकरी आणि साक्षीचा शब्द

आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघत असतो. तो केवळ उपदेशकांचा आहे असे नाही. शेतात राबणारा, पाणवठ्यावर जाणारी, आठवड्याच्या बाजारास माल नेणारा, अशा प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याचा तो आहे. प्रश्न असा की, शेजारी संकटात सापडला असता आपण त्याच्या मदतीस धावून गेलो, तर त्या वेळी त्याच्यापाशी प्रभु येशूचे नाव काढावे किंवा काढू नये? समजा, ऐन पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याचा बैल बसला आणि आपण आपली जोडी त्यास एक दिवस दिली. समजा, त्याच्या घरची लेकुरवाळी बाई तालुक्याच्या दवाखान्यात पडली आणि आपल्या घरची माणसे दोन रात्री तिच्या उशाशी बसली. आज त्या घराचे दार आपणास सताड उघडे आहे. उद्या ते असेच राहील असे सांगता येत नाही. मग आजच बोलावे काय?

या प्रश्नास आपल्यात तीन उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतात, "ही तर देवाने दिलेली संधी होय, तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्यावी." दुसरे म्हणतात, "बोलण्याची गरजच काय? आचरण शुद्ध असले म्हणजे पुरे. दिवा काही बोलत नाही, तरी उजेड पडतोच." तिसरे म्हणतात, "ज्याचा धर्म त्याच्यापाशी. शेजारधर्म पाळावा आणि गप्प असावे. उगाच गावात वितुष्ट कशाला?" ही तिन्ही उत्तरे भल्या माणसांची आहेत, आणि तिहींत काही ना काही सत्य आहे. तथापि त्यांतील एकही पुरे पडत नाही, असे मला वाटते. ते का, हे वाचकांनी माझ्याबरोबर शांतपणे तपासून पाहावे अशी विनंती आहे.

प्रथम, आचरण पुरे म्हणणाऱ्यांचे मत घेऊ. दिवा बोलत नाही हे खरे. परंतु प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दिव्याचा दाखला दिला तो कशासाठी? लोकांनी आपली सत्कर्मे पाहून आपल्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे यासाठी (मत्तय ५). गौरव पित्याचे व्हावयाचे आहे, आपले नव्हे. आता जो मनुष्य जन्मभर भले करतो, पण ते करण्याचे बळ आपणास कोठून मिळते हे कधीच सांगत नाही, त्याच्याविषयी गाव काय म्हणेल? "मोठा भला माणूस हो!" एवढेच म्हणेल. म्हणजे जो मान पित्याकडे जावयाचा तो आपल्याच उंबऱ्याशी अडकून राहिला. जो विनय म्हणून आपण मौन धरले, तेच मौन आपली कीर्ती वाढविणारे झाले. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तरीही या मताची दुसरी बाजू सोडून चालणार नाही. आपला शेजारी पवित्र शास्त्र वाचीत नाही. तो आपणास वाचतो. आपले माप पुरे आहे की नाही, घेतलेले उसने वेळेवर परत जाते की नाही, घरात बायकोशी कोणत्या शब्दांनी बोलणे चालते, सणावाराच्या दिवशी पाय कोणीकडे वळतात, हे सर्व त्यास ठाऊक असते. जो रात्री शेजाऱ्याचा बांध कोरतो, त्याच्या तोंडचे शुभवर्तमान त्या बांधापलीकडे जात नाही. प्रेषित पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की, तुमच्या ठायी जी आशा आहे तिचे कारण कोणी विचारले, तर उत्तर देण्यास सदा सिद्ध असा. आणि ते सौम्यतेने व आदराने द्या. येथे दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, कोणी तरी विचारील. आणि आशा दिसल्यावाचून कोण विचारणार? दुसरी, विचारल्यावर उत्तर द्यावयाचे आहे, मान खाली घालून बसावयाचे नाही. म्हणजे आचरण हे प्रश्न उत्पन्न करते, आणि शब्द त्याचे उत्तर देतो. दोहोंपैकी एक काढून टाकले, तर दुसरे लंगडे होते.

आता, "ज्याचा धर्म त्याच्यापाशी" या मताकडे वळू. यात सौजन्य आहे, आणि आपल्या देशात नाना धर्मांचे लोक एका शिवारात पिढ्यान्पिढ्या नांदत आले आहेत, त्याचे हे एक कारण आहे. परंतु सौजन्य आणि उपेक्षा यांचे कपडे कधी कधी एकसारखे दिसतात. दुष्काळाच्या वर्षी रानात कोठे गोडे पाणी लागले असता, ते ज्याने पाहिले त्याने "ज्याची विहीर त्याच्यापाशी" म्हणून गप्प बसावे, यास आपण सौजन्य म्हणू काय? शोमरोनाच्या वेशीबाहेरच्या चार कुष्ठरोग्यांची कथा आपणास ठाऊक आहे (२ राजे ७). शहर उपाशी मरत होते, आणि त्या चौघांस शत्रूची ओस पडलेली छावणी अन्नाने भरलेली सापडली. त्यांनी पोटभर खाल्ले, वस्तू लपवून ठेविल्या, आणि मग त्यांच्या मनाने त्यांस टोचले की, आपण हे बरे करीत नाही. हा दिवस चांगल्या वार्तेचा आहे आणि आपण मुकाट्याने बसलो आहो. ध्यानात घ्या, त्यांस ज्या शहराने वेशीबाहेर ठेविले होते त्याच शहरास त्यांनी वार्ता नेली. आणि त्यांनी कोणास बळेच ओढून नेले नाही. अन्न कोठे आहे एवढेच सांगितले. राजाने दोन रथ घोड्यांसह पाठवून खात्री करून घेतली, त्याचा त्यांनी राग मानला नाही.

यातून एक न्याय निघतो. जे मला जीवनदायी वाटते ते मी शेजाऱ्यास सांगावे, यात त्याचा अपमान नाही. मात्र त्याने ते तपासावे, प्रश्न करावे, नाकारावे, आणि त्याला जे जीवनदायी वाटते ते त्याने मला सांगावे, हा त्याचाही हक्क तितकाच आहे. ज्याला बोलावयाचे आहे पण ऐकावयाचे नाही, तो साक्षीदार नव्हे, दवंडी पिटणारा होय. आणि दुसऱ्याच्या पूज्य गोष्टींची टवाळी करणे हे तर साक्षीचे अंगच नव्हे. इफिसात पौल व त्याचे सोबती यांच्यावर केवढा दंगा उसळला! तरी त्या नगराच्या लेखकानेच सभेपुढे कबूल केले की, या माणसांनी आमच्या देवीची निंदा केलेली नाही (प्रे. कृत्ये १९). विरोधकाच्या तोंडून अशी ग्वाही निघावी, यापरते उपदेशकास प्रशस्तिपत्र ते कोणते?

आपल्या देशाच्या राज्यघटनेनेही हाच न्याय मान्य केला आहे. तिच्या २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकास विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, आणि आपला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. इ.स. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश व ओरिसा येथील कायद्यांविषयी निर्णय देताना असे ठरविले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे होय. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. पुष्कळांस हा निर्णय कठोर वाटला. परंतु आपल्या शास्त्राप्रमाणे तरी तो हक्क कधी आपला होता काय? पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, आणि वाढ देवाने दिली (१ करिंथ ३). मनुष्याचे अंतःकरण फिरविणे हे काम आपल्या हाती दिलेलेच नाही. कायद्याचे कुंपण बाहेरून आहे; त्याच्या आत विवेकाचे एक कुंपण आहे, आणि ते अधिक बारीक आहे.

त्या आतल्या कुंपणापाशीच आपला मूळ प्रश्न उभा आहे. आता पहिल्या मताचा, म्हणजे "तवा तापला आहे तोवर पोळी भाजून घ्यावी" या मताचा विचार करू.

या कामी दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय फार उपयोगी पडतो. त्यात तीन माणसे आहेत: एक दासी मुलगी, एक संदेष्टा आणि एक चाकर. अरामी टोळीने धरून नेलेली ती इस्राएली मुलगी सेनापती नामानाच्या घरी राबत होती. धन्यास कोड फुटलेले तिने पाहिले, आणि शोमरोनात एक संदेष्टा आहे, त्याच्याकडे धनी गेले तर बरे होतील, असे ती धनिणीजवळ बोलली. बस्स, एवढेच. तिची साक्ष एका वाक्याची आहे. ज्याने तिला घरादारापासून तोडले त्याचे भले व्हावे असे तिला वाटले, ही त्या साक्षीची पहिली थोरवी. दुसरी थोरवी पुष्कळदा आपल्या नजरेतून सुटते. ती अशी की, त्या मुलीच्या हाती नामानावर कसलीही सत्ता नव्हती. ती खालून वर बोलली. नामानाने ऐकले असते वा न ऐकले असते; तिच्याच्याने त्याचे काही अडणार नव्हते. म्हणून तिचा शब्द निर्मळ राहिला.

उलटपक्षी, वरून खाली बोलल्या जाणाऱ्या शब्दाचे पाहा. ज्याच्या हाती भाकरी आहे तो भुकेल्याशी बोलतो. ज्याच्या हाती औषध आहे तो रोग्याशी बोलतो. ज्याचे कर्ज आहे तो ऋणकोशी बोलतो. वाक्य तेच असेल, मनही शुद्ध असेल, परंतु ऐकणाऱ्याच्या कानी ते तेच राहात नाही. तो मनात म्हणतो, "मी नाही म्हटले तर पुढची भाकरी मिळेल काय?" बोलणाऱ्याने हे मनातही आणले नसेल. पण भुकेला मनुष्य दात्याच्या मनाचा हिशेब आपल्या गरजेच्या मापाने करतो, आणि त्यास दोष देता येत नाही. ज्याला "नाही" म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या "होय"ला किंमत नाही, देवापुढेही नाही.

त्याच अध्यायात पुढे अलीशा काय करतो ते पाहावे. नामान शुद्ध होऊन परत आला आणि भेटी पुढे करू लागला, तेव्हा अलीशाने शपथेवर काही घेण्याचे नाकारले. देवाची कृपा हा सौदा नव्हे, हे त्या परदेशी मनुष्याच्या मनावर त्याला ठसवावयाचे होते. पण त्याचा चाकर गेहजी मागून धावला, खोटे बोलून रुपे व वस्त्रे घेऊन आला, आणि धन्याने जे फुकट दिले त्याची त्याने किंमत वसूल केली. आपण म्हणू की, आपण कोणाकडून रुपे घेत नाही. खरे आहे. परंतु किंमत नाण्यांतच असते असे नाही. उपकाराच्या बदल्यात कोणी आपल्या उपासनेस येऊन बसावे, आपले ऐकून घ्यावे, वर्षाअखेरच्या अहवालात आपल्या नावापुढे एक आकडा वाढावा, अशी अपेक्षा मनात धरून जो मदत करतो, तोही नामानाच्या रथामागे धावतच आहे. आपल्याकडे शेतकरी सावडीने काम करतात: आज आम्ही तुमच्या वावरात, उद्या तुम्ही आमच्या. ती चांगली रीत आहे. तिने गरिबांची शेते निभावली आहेत. पण प्रीती ही सावड नव्हे. तिची परतफेड वहीत लिहावयाची नसते.

प्रभूच्या चरित्रात हा न्याय ठळक दिसतो. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि त्यांतील एकच परत फिरला (लूक १७). प्रभूने बाकीचे नऊ कोठे आहेत असे विचारले, त्यास दुःख झाले. पण त्या नवांचे बरेपण त्याने काढून घेतले नाही. गालील समुद्राच्या पलीकडे पाच हजारांनी भाकरी खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी ते त्यास शोधीत आले. आपल्यापैकी कोणा उपदेशकाच्या दारी असा समुदाय येता, तर त्याने देवाचे आभार मानून नावे लिहून घेतली असती. प्रभूने मात्र त्यांस स्पष्ट सांगितले की, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झाला म्हणून मला शोधता (योहान ६). त्याने त्यांस परत भाकरी दिली नाही. कठीण शब्द सांगितला, आणि पुष्कळ जण निघून गेले. जे जाऊ शकत होते त्यांस त्याने जाऊ दिले. उरलेल्या बारा जणांसही त्याने विचारले की, तुमचीही जावयाची इच्छा आहे काय? दार दोन्ही बाजूंनी उघडे असल्याशिवाय आत राहणे हे राहणे नव्हे.

हे केवळ पुस्तकातच शक्य आहे असे कोणी म्हणू नये. इ.स. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात व आपल्या दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्या वेळी तेलुगू मुलुखात ओंगोल येथे जॉन क्लफ नावाचे अमेरिकन बाप्तिस्ट मिशनरी होते. लोकांस अन्न मिळावे म्हणून त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या सुमारे साडेतीन मैल खोदकामाचा मक्ता घेतला, आणि हजारो भुकेल्यांस त्या कामावर मजुरी दिली. काम करणाऱ्यांत व त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांत ख्रिस्ती उपदेशक होते. विश्रांतीच्या वेळी गोष्टी होत, प्रश्नोत्तरे होत. पुष्कळ जण बाप्तिस्मा मागू लागले. परंतु क्लफ यांनी दुष्काळ चालू असेतोवर, सुमारे पंधरा महिने, कोणास बाप्तिस्मा दिला नाही. मजुरी चालू, मदत चालू. पण मंडळीचे दार त्यांनी तेवढे दिवस ओढून घेतले. पाऊस पडला, पिके आली, मदतीचे काम संपले; आता कोणास त्यांच्याकडून मिळण्यासारखे काही उरले नाही. तरीही लोक आले. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तो दिला सहा देशी उपदेशकांनी, दोघे दोघे आळीपाळीने पाण्यात उतरून.

त्या आकड्याचे पुष्कळांनी कौतुक केले आहे. मला त्यापेक्षा आधीच्या पंधरा महिन्यांतील शून्याचे कौतुक अधिक वाटते. त्या शून्याने भुकेल्या मनुष्याचा मान राखला. त्याला सांगितले की, "बाबा, ही मजुरी तुझ्या घामाची आहे, ही तुझ्या विश्वासाची किंमत नव्हे. तुझा विश्वास एवढा स्वस्त आम्ही समजत नाही."

आपणांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे अशाच दुष्काळांच्या काळात, १८७६ च्या किंवा १८९६ ते १९०० च्या, मंडळीत आले. "पोटासाठी गेले" हा टोमणा त्यांनी ऐकला, आणि आपणही ऐकतो. या टोमण्यास माझे उत्तर असे आहे की, गरीब मनुष्यास पोट असते तसा आत्माही असतो. त्याला केवळ पोटच आहे असे समजणारा त्याचा अपमान करतो, मग तो टोमणा मारणारा असो वा आमिष दाखविणारा असो. दोघांचा समज एकच आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह लाखो गोरगरिबांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तो काही भाकरीसाठी नव्हे, माणुसकीच्या मानासाठी. त्यांचा मार्ग आपल्याहून निराळा आहे. परंतु उपाशी मनुष्यही धर्माचा निर्णय मानाने करू शकतो, याची ती साक्ष साऱ्या देशाने पाहिली आहे. आपल्या वाडवडिलांचा निर्णयही मानाचाच होता असे आपण म्हणतो ना? तर मग आज आपल्या हाती जेव्हा चार दाणे आहेत, तेव्हा दुसऱ्याच्या निर्णयाचा मान आपण तितक्याच दक्षतेने राखला पाहिजे. नाही तर आपण तो टोमणा स्वतःच्या हाताने खरा करून दाखवू.

येथे कोणी विचारील, "मग मदत करणाऱ्याने आपला विश्वास लपवावा काय?" मुळीच नव्हे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. हिंदू विधवा मुलींनी तेथे आपापल्या धर्माप्रमाणे राहावे, कोणी त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवू नये, असे ठरले होते. रमाबाई स्वतः मात्र नित्य प्रार्थना करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ साली आपला संबंध तोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना चोरून करण्याचे नाकारले, ते योग्यच केले असे मी मानतो. ज्या घरात राहावयाचे त्या घरच्या बाईचा देव कोणता हे मुलींपासून लपविणे ही एक प्रकारची लबाडी झाली असती. परंतु त्या पालकांचे भयही सर्वस्वी पोकळ नव्हते. ज्या घरी मुलगी जेवते, निजते, शिकते, त्या घरच्या बाईची नुसती प्रार्थनाही त्या मुलीवर वजन पाडते. म्हणून वसतिगृह, दवाखाना किंवा शाळा जे चालवितात, त्यांच्यावर इतरांपेक्षा दुप्पट जबाबदारी आहे. त्यांनी विश्वास झाकू नये, आणि आपले वजनही विसरू नये.

तर मग नियम काय? मला तो असा सुचतो. ज्या घटकेस शेजाऱ्याचा हात गरजेपोटी आपल्या हातात आहे, त्या घटकेस मदत करावी, आणि त्याने विचारल्यावाचून धर्माची गोष्ट पुढे करू नये. विचारले तर लपवू नये. एका वाक्यात, त्या दासी मुलीप्रमाणे, सांगावे. आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करावयाची झाल्यास, "मी देवाजवळ तुमच्यासाठी मागू काय? तुम्हास नको असेल तर घरी जाऊन मागेन" असे विचारावे, आणि "नको" म्हणाले तर उशापासून उठू नये. हीच खरी कसोटी आहे. आज त्याने नकार दिला, तर उद्या आपण त्याच पायांनी, त्याच तोंडाने, त्याच्या दारी जाऊ काय? जाऊ शकत असू, तर आपली मदत ही मदत होती. पाय अडखळत असेल, तर ती मदत नव्हती, गळास लावलेला दाणा होता.

यावर उपदेशक म्हणतील, "असे केले तर बोलण्याची वेळ येणार तरी कधी?" बंधूंनो, गावच्या जिण्यात बरोबरीच्या वेळा का थोड्या आहेत? बाजाराच्या वाटेवर, गाडीची वाट पाहताना, सावडीच्या कामात बांधावर भाकरी सोडताना, पारावर, लग्नाच्या मांडवात, मनुष्य मनुष्याशी बरोबरीने बसतो. तेथे कोणी कोणाचे देणे लागत नाही, आणि ऐकणारा उठून जाऊ शकतो. साक्षीचे खरे वावर ते आहे. कविवर्य नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने टिळकांस सौजन्याने जागा दिली, संस्कृत काव्याविषयी त्यांच्याशी आस्थेने बोलला, आणि मग आपल्या विश्वासाची गोष्ट काढून नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. टिळकांनी ती वाचली. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचे नाव टिळकांस शेवटपर्यंत कळले नाही. त्याच्या अहवालात हा आकडा लागला नाही. त्याने टिळकांच्या विद्येचा आधी मान केला, स्वतः ऐकले, मग सांगितले, आणि आपल्या स्थानकावर उतरून गेला. आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई? त्यांनी पतीच्या मागोमाग धर्म बदलला नाही. पुष्कळ दिवस त्यांनी आपले सोवळे पाळले, आणि स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. घरच्या माणसांच्या बाबतीतही धीर धरावा लागतो, हे यावरून घ्यावयाचे.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. शोमरोनी स्त्रीची व प्रभूची विहिरीवर भेट झाली, तेव्हा संभाषणाचा प्रारंभ कसा झाला? प्रभूने तिच्याजवळ पाणी मागितले (योहान ४). जो जिवंत पाणी देणारा तो प्रथम याचक झाला. तहान त्याला लागली होती, पोहरा तिच्या हातात होता; "देत नाही" म्हणण्याची सत्ता तिची होती. त्याने स्वतःस खाली ठेविले, आणि मग तिच्याशी जिवाची गोष्ट बोलला. आम्ही उपदेशक व पाळक नेहमी देणारे होऊ पाहतो. घेणे आम्हास कमीपणाचे वाटते. परंतु जो केवळ देतो आणि कधी घेत नाही, तो दुसऱ्यास कायमचा खाली बसवून ठेवितो. म्हणून शेजाऱ्याच्या घरी पाणी प्यावे, त्याची भाजीभाकरी आवडीने खावी, नांगरटीस त्याचा सल्ला घ्यावा, आपल्या आजारात त्यास उशाशी बसू द्यावे, त्याचे उपकार मोकळ्या मनाने मान्य करावेत. ज्याचे आपण काही लागतो त्याच्याशी बोललेला शब्द वरून पडत नाही. तो समोरून जातो.

प्रिय बंधुभगिनींनो, गरसेकरांच्या देशातील त्या भूतग्रस्त मनुष्यास प्रभूने बरे केल्यावर तो प्रभूच्या मागे जाऊ पाहात होता. प्रभूने त्यास दूरदेशी धाडले नाही; आपल्या घरी, आपल्या माणसांत जाऊन, देवाने त्याच्यासाठी काय केले ते सांगण्यास सांगितले (मार्क ५). आपणासही तेवढेच काम दिले आहे: आपल्याच गावात, जे आपणास बारा महिने पाहतात त्यांच्यामध्ये राहणे, त्यांचे दुःख आपले समजून हात देणे, त्याची वही न ठेवणे, विचारील त्यास न लाजता उत्तर देणे, आणि त्याचे मन त्याचेच आहे, किंबहुना देवाचे आहे, हे कधी न विसरणे. येत्या आठवड्यात आपल्या मंडळीत हा विषय काढावा. प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे की, माझ्या शेजाऱ्यांपैकी ज्याने माझे ऐकले नाही, त्याच्या दारी मी शेवटी कधी गेलो? उत्तर देताना जीभ अडखळली, तर लेखणी खाली ठेवून आधी त्या दारी जाऊन यावे. पुढचे काम वाढ देणारा देव करील; आणि त्यालाच गौरव असो. आमेन.

— एक पाळक